अंगठा

पाचुकात वारा कुणाला विचारून येत नाही.
एकशे बारा पायऱ्या चढतो,
गच्चीवरच्या चादरी ओढतो, दोरी वाजवतो.
या मात्र हलत नाहीत, माझ्या एचेवेरिया,
जमिनीला गाल लावून बसलेल्या.

सव्वीस डबे. मिरच्यांचे, दुधाचे, एक रंगाचा.
बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं.
माती थोडी, लाल खडी जास्त,
डोंगराने कधीतरी ओकलेली,
हातात घेतली तर वजनच नाही.

पाणी हातचं राखून.
नळ मंगळवारी नि शनिवारीच येतो म्हणून नव्हे.
पहिल्या वर्षी मी माया केली, रोज वाटीभर.
पानं आरपार दिसू लागली,
आणि एका सकाळी बोटालाच चिकटून आली,
शिजल्यासारखी.
आता पान जरा चुरमडलं की मगच,
तेही मुळाशी. मधल्या खळग्यात थेंब बसला
तर गाभा कुजतो.

पानांवर एक पिठी असते,
माझ्या कापडावरच्या खडूहून पातळ.
उन्हासाठी झाडाने स्वतःच काढलेली.
बोट लागलं की जाते,
आणि त्या पानावर परत येत नाही.

क्रेसेन्सियो टाकी दुरुस्त करायला आला होता.
माझा भाऊ. तीस वर्षं खाणीत,
पगाराच्या वहीत नावापुढे अंगठा.
काम झालं, हात विजारीला पुसले,
आणि सगळ्यात मोठीच्या निळसर पानावर
अंगठा टेकवला.
दाबला नाही. खरी आहे का बघावं, तसा.

"हात लावू नकोस!"
शेजारच्या गच्चीवरचं कुत्रं गप्प झालं.
तो म्हणाला, आईचं घड्याळ असं जपलं असतंस तर.
मी म्हणाले, विकलं कुणी?
तो उतरून गेला.
नळाचा पाना इथेच राहिला.

पान तेव्हा आतल्या ओळीत होतं.
एचेवेरिया मधून जन्मते, कडेने मरते.
दर महिन्याला ते थोडं बाहेर सरकलं,
सही घेऊन.
रेषा मोजता यायच्या. मी मोजल्या नाहीत.
एकदा मोजल्या. सतरा.

जानेवारीत दहिवर पडलं. डब्यांवर जुना परकर घातला,
उडू नये म्हणून वर तोच पाना.
जिन्याखाली विसरलेली एक
उजेडाकडे मान ताणून ताणून लांबुडकी झाली,
पाळी संपवून खाणीच्या तोंडाशी येणाऱ्या माणसांसारखी.
तिची मान मी कापली.
चार दिवस वाळू दिली, मग लावली. जगली.
असं काही माणसांच्या बाबतीत सुचत नाही.

मेच्या गारांनंतर ते पान सर्वांत खाली आलं.
सुकण्याआधी हलकेच डावीउजवीकडे हलवलं.
निघालं, देठापाशी अख्खं.
खडीवर ठेवलं. पाणी नाही. नुसतं ठेवलं.

तीन आठवड्यांनी देठाला गुलाबी दोरे,
मग शर्टाच्या बटणाएवढं एक फूल,
फूल नव्हे, झाडच, सगळी पानं मोजून सहा.
ते मोठ्या पानातलं पाणी पीत गेलं
आणि अंगठा सुरकुतत गेला,
आधी खुणेसारखा होता,
आता खरंच म्हाताऱ्याचा.
काल कागद झाला. बोट न लावताच गळला.
नव्याच्या पानांवर स्वतःची पिठी आहे,
कोरी.

आज शनिवार. नळाला पाणी आहे.
टाकी पुन्हा गळते आहे, ती गेले वर्षभर गळतेच आहे.
दुधाचा डबा एका हातात, पाना दुसऱ्या,
मी पायऱ्या उतरते आहे.
वारा पाठीमागून.
छत्तिसाव्या पायरीवरून परत फिरले,
दाराला कडी घातली होती का, ते बघायला.
घातली होती.
काय बोलायचं ते ठरलेलं नाही.
हात लाव म्हणावं का,
तेसुद्धा.