टक्

मालन आवटींची व्हॅन परत आली.
परत म्हणजे तिसऱ्यांदा.
"भूपालअण्णा, उजळाईवाडीच्या चढाला आचके देतीया.
साठ डबे घेऊन निम्म्या रस्त्यात थांबलो मी,
तिकडं शिरगावात माणसं उपाशी मशीनवर."
आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, थांबलो, आलो, गेलो.
मी म्हटलं, ठेवून जावा.

शेजारच्या लेथवर बिडाचा कीस उडत होता.
त्याला खूण केली, जरा बंद कर बाबा,
आणि वाकून कान दिला.
तीस वर्षं या कानावर चूल पेटलीय माझी.
कार्बोरेटर होते तेव्हा
उद्यमनगरच्या कोपऱ्यावर गाडी वळली की सांगायचो
कुठला व्हॉल्व्ह जळलाय, पेट्रोलात रॉकेल किती,
कुणाचा पाय क्लचवरनं उठत नाही.

ही मात्र तीन पावलं नीट टाकते
आणि चौथ्याला ठेचकाळते.
कधी पाचव्याला.
कधी चालतच राहते, मुद्दाम, मी ऐकतोय म्हणून.

सोमवारी प्लग बदलले. चारही काळे,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखे.
मंगळवारी कॉइल, शाहूपुरीतनं, उधारीवर.
बुधवारी इंजेक्टर सोडले, धुतले, बसवले,
आणि दिवेलागणीला बघतो तर
नवे प्लगही काळे.
पेट्रोल जास्त जातंय, एवढं कळत होतं.
का जातंय, ते नाही.

सैफन म्हणाला, "वस्ताद, पलीकडनं स्कॅनर आणू?"
मी म्हटलं, आण की.
म्हणजे आणू नकोस.
दोन वर्षांत त्याला माझी भाषा कळलीय.
त्यानं हात पुसले, आणि इनटेकच्या मागं,
जिथं माझा पंजा आता शिरत नाही,
आपलं सतरा वर्षांचं मनगट घातलं.
डोळे मिटले. जीभ दातात.
"हितं एक वायर लोंबतीया."

लोंबत होती.
प्रेशर सेन्सरची, तीन तारांची, तोंडात धूळ.
इंजिन हवा किती ओढतंय हे सांगणारा तो एकटा,
आणि त्याचंच बोलणं तुटलेलं.
वरचा कॉम्प्युटर बिचारा अंदाजानं सोडत होता पेट्रोल,
पंगतीत पान न बघता
वाढपी पुढं पुढं वाढत जातो तसा.

सैफननं ढकललं.
टक्.
शेंग फोडावी एवढाच आवाज.
किल्ली फिरवली, आणि लेथवाल्यानं तिकडनं विचारलं,
"चालू केलीस का न्हाई रं अजून?"

तेव्हा आठवलं.
गेल्या महिन्यात थ्रॉटल साफ केला होता.
वायर सोडली होती मीच.
तेवढ्यात चहा आला होता.
सैफन तेव्हाही इथंच होता.
तो पाठ करून पाने पुसत राहिला,
पुसलेलेच.

मालनबाई आल्यावर आधी विचारलं,
मीटरवर पिवळा दिवा लागत नव्हता का?
"लागायचा की. पहाटे डोळ्यावर यायचा.
म्हणून लेकीच्या वहीचं स्टिकर लावलं."
स्ट्रॉबेरी. मीही तीन दिवस बघत होतो,
पोरांचं काम म्हणून सोडून दिलेली.
क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू,
निम्मा दोष दुसऱ्याच्या पदरात पडला की वाटतं तसं.

मग बिलबुक उघडलं.
कॉइल परत जाईल, रुसून का होईना.
प्लग परत होत नाहीत.
लिहिलं: वायर जोडली. पुढं रकाना कोरा.
म्हटलं, माझ्याच हातनं सुटली होती ती.

त्या काही बोलल्या नाहीत.
प्लगचे पैसे मोजून बाकावर ठेवले,
मी सरकवले, त्यांनी परत सरकवले.
"उद्या दोन डबे जादा आणतो, तुमचा आणि पोराचा,"
गाडीत बसता बसता म्हणाल्या,
"त्याचे मात्र घेणार."

स्ट्रॉबेरी मी नखानं सोलून काढली.
किल्ली दिली की दिवा लागतो आता,
आणि इंजिन सुरू झालं की विझतो.
काचेवर गोंद राहिलाय.
पेट्रोलनं पुसला तरी
बोटाला लागतो.