नऊ इंची

कॉटन मार्केटचं दुकान एप्रिलात दिलं.
वायंडिंगची मशिनं गेली, पाटी गेली.
तांब्याच्या तारेची रिळं मात्र यांनी दिली नाहीत,
आणि तीन कपाटं, सागाची,
जी दोघांना उचलत नाहीत
अन् तिघं लागले तर दारात अडकतात.

मानेवाड्याच्या आमच्या गॅरेजात गाडी कधीच नव्हती.
एक लुना, कूलरचे दोन सांगाडे,
नातीचा झोपाळा काढल्यावर राहिलेला हूक.

"चार खिळे ठोकू, टांगून देऊ," हे म्हणाले.
चाळीस वर्षं लोकांच्या मोटारी जळू दिल्या नाहीत या माणसानं.
घरचं काम आलं की असं बोलतात.

हेडाऊ मिस्त्री आला नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सहाला,
नऊनंतर वरचा पत्रा कुणाला उभं राहू देत नाही.
पिशवी उघडण्याआधी
बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत गेला,
टरबूज घेताना वाजवतात तशी.
"हे चार इंची. शेजाऱ्याचा खोकला येते इच्यातून.
इच्यावर क्यालेंडर लावा.
थे मागची नऊ इंची हाय. थे घेईन वजन."
मग बोर्डाच्या वर सरळ बोट नेलं,
"इथून वायर वर जाते. इथं ड्रिल नाही लावायचं."
हे गप्प.
यांना वायर कुठून जाते ते सांगणारा पहिलाच माणूस.

त्याच्या लेव्हलची नळी फुटली होती.
मी कूलरचा पारदर्शक पाइप काढून आणला,
पाणी भरलं, टिचक्या मारून बुडबुडे घालवले.
एक टोक यांच्या हातात, एक माझ्या,
आम्ही गॅरेजच्या दोन कोपऱ्यांत.
यांनी जरा हात हलवला
की पाणी माझ्याकडे चढायचं.
"हलू नका," मी म्हटलं,
आणि काय सांगू, नाही हलले.

भोकं विटेत, जोडात नाही.
आतली लाल पूड सायकलच्या पंपानं फुंकून काढली,
नाहीतर फास्टनर पुडीलाच धरून बसतो
आणि आपल्याला वाटतं, भिंतीला धरलंय.
सागाची पट्टी, वरची कड तिरपी,
कपाटाच्या पाठीला तिचीच उलटी जोडीदारीण.
सहा बोल्ट. मी मोजले.

"आता कोण लटकते?" हेडाऊनं विचारलं.
हे पट्टीकडे बघत राहिले.
चौऱ्याऐंशी किलो, डावा खांदा कामातून गेलेला.
मी पदर खोचला, स्टुलावर चढले,
पट्टी धरली
आणि पाय सोडले.

पट्टी हूं की चूं नाही.
बासष्टाव्या वर्षी भिंतीला लोंबकळत
मला खालची फरशी दिसली,
सुट्टीत आली की नात जिथं पालथी पडून चित्रं काढते ती.
जमिनीवरून हे दिसत नाही,
कुणाच्या डोक्यावर काय टांगतोय आपण.
"उतर आता," हे म्हणाले, दोनदा.

कपाटं रिकामी चढवली,
दारं, फळ्या काढून. मग एकेक परत.
रिळं सगळ्यात खाली.
दोनच टांगली.
तिसऱ्याचं विचारलं तर हेडाऊ म्हणाला,
"भिंत पुरते बाप्पा. पण कायले?"

तिसरं जमिनीवर आहे.
त्याला पाठ टेकून हे संध्याकाळी
गल्लीतल्या कूलरच्या मोटारी उघडून बसतात.
पैसे घेत नाहीत.
मी म्हणते, निदान तारेचे तरी घ्या.