भुसा

उदगीरला बर्फाचा कारखाना माझा. चाळीस वर्षं झाली.
बर्फ म्हणजे मला ठाऊक असलेली गोष्ट:
लांबट, निळसर, मधोमध एक पांढरी शीर,
अमोनियाच्या वासात जन्मलेली.
आकड्यानं ओढायची, भुशात लोळवायची,
गोणपाटात गुंडाळायची,
अन् हाळीच्या बाजाराला पोचेस्तोवर
पाव हिस्सा रस्त्याला दान.

शिवलीला म्हणते, अप्पा, हा तुमचा बर्फ नाही.
हा वरून पडायलाय.
जिनिंगमधी रुई उडती ना, तसा.
आवाज नाही. वजन नाही.
अन् सकाळी दार उघडाया गेलं
तर खांदा लावावा लागतोय.

त्या उत्तरेच्या बेटावर ती म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालते.
त्यातला एक तरुणपणी
पायाला फळ्या बांधून कड्यावरून उडायचा म्हणे,
हवेतल्या हवेत एकशेदोन मीटर.
आता त्याचे गुडघे ती रोज दहा वेळा वाकवते
अन् तो खिडकीतल्या डोंगराकडं बोट करून
आकडा सांगतो.
एकशेदोन.

फोनवर मला एकेक दाखवते.
दारात आलेलं कोल्हं, भाजक्या विटेच्या रंगाचं,
आपल्याकडच्यापेक्षा दुप्पट केसाळ,
उपाशी असून गुबगुबीत दिसणारं.
मग गोठलेला समुद्र.
लाद्याच लाद्या, नजर पोचते तिथवर,
एकमेकीवर चढलेल्या, कुण्या हमालानं न लावलेल्या.
माझ्या तोंडून निघून गेलं,
लाईटबिल किती येत असंल?
ती इतकी हसली की फोन बर्फात पडला
अन् मला बराच वेळ नुसतं पांढरं दिसत राहिलं.

करकोचे पण आहेत तिथं. डोक्यावर लाल टिकली.
जोडीजोडीनं नाचतात,
ओरडले की चोचीतून वाफ.
मी म्हटलं, आपल्या तिरूच्या तलावावर येतात की हिवाळ्यात,
पाटलाचा हरभरा खाऊन जातात.
ती म्हणाली, ते वेगळे, अप्पा.
हे कुठंच जात नाहीत.

मग कुणीच काही बोललं नाही.

मयताच्या बर्फाचे पैसे मी घेत नाही.
तिची आई एक रात्र अन् अर्धा दिवस
भिंतीला टेकून बसलेली होती, कपाळाला विभूती,
दोन्हीकडं माझ्याच कारखान्याच्या लाद्या.
लेक पोचली तोवर
पाणी उंबऱ्याबाहेर आलं होतं.
म्हणून बर्फाबद्दल आम्ही दोघं
बोलतो खूप, पण जपून.

परवा सुट्टीच्या दिवशी तिनंही फळ्या बांधल्या.
लेकरांच्या उतारावर.
चार-चार वर्षांची पोरं बाजूनं सूं करून गेली,
एकानं थांबून तिला हात दिला.
अकरा वेळा पडले, म्हणाली.
बाराव्या वेळी पण पडले,
फक्त तोवर लाज संपली होती.

जानेवारीत कारखाना निम्मा बंदच असतो.
काल रात्री दोनला झोप येईना म्हणून
तिकडं गेलो. ब्राईनच्या टाकीची घरघर.
लाद्या ट्रकात सोडायचा लाकडी उतार
ओला होता, दिव्याखाली चमकत होता.
किती लाद्या सोडल्या असतील यावरून,
एकीलाही विचारलं नव्हतं, कसं वाटतंय.
युरियाचं रिकामं पोतं होतं.
धोतर खोचलं.
वय सदुसष्ट, बीपीची गोळी घेतलेली,
आजूबाजूला कुणी नाही याची खात्री केली
अन् बसलो.

जलील बॅटरी घेऊन पळत आला.
अप्पा, लग्या क्या?
मी भुशाच्या ढिगात उताणा.
मिशीवर भुसा, टकलावर, पापण्यांवर,
वरून अजून थोडा पडायलेला.
आवाज नाही. वजन नाही.

म्हटलं, मोज, जलील.
एक.