सावली उचलताना

मनामात, दुकानामागच्या गल्लीत
दुपारी एकला हसन कालसेकरचा फोटो काढला.
ऊन असं, की भिंतसुद्धा डोळे मिटून उभी.

म्हणाला, "जेपेगच दे, हलका.
दाभोळला नेट रडतं, आणि आईला
एवढंच कळायला हवं, की पोरगा भरलाय."

कॅमेऱ्याने परस्पर ठरवून टाकलं :
आभाळ पांढरं, गाल नितळ,
जिन्याखालचा काळोख नुसता काळा.
तीन एमबी. दोन निळ्या खुणा.
आई म्हणाली, माशाल्ला.

रॉ मी ठेवली. कोणासाठी, ठाऊक नाही.
फिकी, मळकट, निवडायच्या तांदळासारखी.
बायको म्हणते, डिस्क भरली, उडव की.

काल रात्री एसीच्या घरघरीत उघडली.
सावली उचलत गेलो, हळूहळू,
रांजणाच्या तळाशी हात घालावा तशी.
दाणे दाणे वर आले, आणि त्यांत एक माणूस :
मांडीवर डबा,
फोटोत येऊ नये म्हणून
पाय पोटाशी ओढून बसलेला.

हसनला विचारलं.
"असेल कोणी. तेव्हा खोलीत आम्ही नऊ जण होतो."

मग थांबून,
"त्याचा चेहरा जरा मोठा करून पाठवशील?
जेपेग चालेल."