दहा बाय दहा बाय दहा

कोपरखैरण्याच्या रो-हाउसवर वरची खोली चढवली तेव्हा
गवंड्याला मीच म्हटलं होतं,
छत जरा उंच घे बाबा, गुदमरायला होतं.
त्याने घेतलं. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच.
फासा असतो तशी खोली,
आवाज कसाही टाका, दान एकच.

टाळी वाजवली की भिंती ती एकमेकींकडे फेकत राहायच्या,
टर्रर्र, कोणी पत्रावळ फाडतंय जणू.
आणि तंबोऱ्याचा खर्ज तर सुटायचाच नाही.
पांढरी सहाचा खर्ज बरोबर या खोलीच्या मापाचा निघाला,
एकदा लागला की म्हशीसारखा बसून राहायचा
आणि बाई त्याच्यापलीकडे कुठेतरी गात असायच्या.

एकतीस वर्षं वाशीच्या एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन.
खरखरीतून नाव, गाव, नंबर वेगळा काढायचे मी,
मस्कतहून रडणाऱ्या माणसाचा पत्तासुद्धा.
आणि स्वतःच्या घरात, फंडाच्या पैशातल्या स्पीकरवर
मला बंदिशीचा शब्द लागेना.

भाचा म्हणाला, अंड्यांचे ट्रे लाव.
लावले. चौऱ्याऐंशी.
खोली पोल्ट्रीसारखी दिसायला लागली,
खर्जाने ढुंकूनही पाहिलं नाही.

मग शेजारचा हरेश्वर तांडेल आला.
महाप्याच्या कंपन्यांत वाफेच्या पाइपांना रॉकवूल गुंडाळतो.
कोपऱ्यात तोंड घालून उभा राहिला, शिक्षा केलेल्या पोरासारखा,
मग म्हणाला, “आवाज कोपऱ्यान भरतंय मावशे,
पानी खाडीन भरतंय तसा.”
उरलेल्या लाद्या त्याने टेम्पोतून आणल्या,
जुन्या पडद्यांचे अभ्रे मी शिवले,
दोन दिवस कोपरापर्यंत खाज.
चार कोपऱ्यांत चार खांब, छतापर्यंत,
न बोलावता आलेल्या पाहुण्यांसारखे.
टाळी मेली. खर्ज निम्मा झाला.
निम्माच.

उरलेला खुर्चीने नेला.
ती इतकी वर्षं मधोमध होती, तिथेच तो सगळ्यात जाड.
वीत वीत मागे सरकवली, फरशीवर खडूच्या खुणा करत.
कपाट आडवं आलं, ते जिन्यात काढलं,
आता खाली उतरताना पोट आत ओढावं लागतं.
मागच्या भिंतीपासून अडीच फुटांवर
म्हैस उठून गेली.

कॅसेट तीच. नौपाड्यातला एक दिवाणखाना, साल त्र्याऐंशी,
समोर बाई, मागे तंबोऱ्यावर मी, बावीस वर्षांची.
खोटं कशाला बोलू,
चाळीस वर्षं मी ही कॅसेट त्या तंबोऱ्यासाठीच ऐकत आले.

कोणीतरी खोकलं. बशीवर कप टेकला.
षड्जाआधीचा बाईंचा श्वास, तो कधी ऐकलाच नव्हता.
आणि विलंबिताच्या तिसऱ्या आवर्तनात
जोडीच्या दोन तारांमध्ये एक लाट.
वँव… वँव…
एक तार उतरलेली. माझी.
ऐकत बसले मी, ती बावीस वर्षांची काही करतेय का याची वाट बघत.
ती छेडतेय आपली, मान वर करून,
बहुतेक लोकांकडे बघत.
मग समेच्या जरा अलीकडे, शब्दांच्या फटीतून,
“जोड बघ गं.”
खुंटीची कुरकुर.
लाट विरली.

हे मला आठवतच नव्हतं.
निघताना बाईंनी पाठीवर हात ठेवला, ते तेवढं होतं
नीट जपलेलं.

खुर्ची पुन्हा मधोमध ओढून पाहिली.
आला खर्ज, बसला सगळ्यावर,
आणि मागची मुलगी झाली बिनचूक.
पाच मिनिटं बसले असेन तिथे.
मग ढकलली मागे, खडूच्या खुणेवर.

खालून हरेश्वर विचारतोय, “जमला का मावशे?”
जमलं म्हटलं.
वर ये, पण जपून,
जिन्यात कपाट आहे.