तारेत जागा नाही

कंट्रोल रूमचा फोन आला साडेनऊला:
बावीस नंबर थांबवा, तेवीसही.
तारेत जागा नाही म्हणे.

वारा तर असा, की थर्सोच्या माळावर मेंढ्या
भिंतीच्या आडोशाला पोट टेकून,
आणि व्हॅनचं दार माझ्या हातात यायचंच बाकी.
पाती वळवली, वाऱ्याला नुसती धार दाखवली.
हळूहळू तिन्ही गप्प.
थांबवण्याचे पैसे मिळतात कंपनीला,
फिरवण्याचेही मिळतात.
मला दोन्हीचे सारखेच.
अकरा वर्षं चढतोय हे टॉवर,
नवी लाइन पुढच्या वर्षी येतेय, अकरा वर्षं.

खाली इझबेल गन, वय एक्क्याऐंशी,
मीटरमध्ये कार्ड सारत होती.
चार पौंड, शुक्रवारपर्यंत.
हीटर बंद, अंगात नवऱ्याचा बोटीवरचा स्वेटर.
"वारा पडला का रे?"
तिच्या मागे खिडकीच्या काचा थडथडत होत्या.

मी दक्षिणेतली शहरं, समुद्राखालची केबल
असलं काहीबाही सांगत बसलो.
तिनं निम्मं ऐकलं, बादली उचलली,
मागच्या दारी गेली.

ओल्या चादरीचं एक टोक
माझ्याकडे फेकत म्हणाली,
धर तिकडून.
या तारेवर आहे जागा.