शेरा

लष्करात, दाल बाजारामागच्या आमच्या शाळेत
समिती आली. तीन माणसं आणि एक थर्मास.
यादीत सात कादंबऱ्या.
"बाई, एकशेबारावं पान बघा,"
बक्षीसाहेब खाली बघत म्हणाले.

बघायचं काय त्यात,
पुस्तक टेबलावर ठेवलं की ते पान आपोआप उघडतं.
कुणीतरी गजक खात वाचलेलं,
एक तीळ अजून शिवणीत अडकलाय.

पुढची पानं कुणी उलटली नाहीत.
दोनशे चाळिसाव्यावर ती बाई परत येते,
ओसरीसमोर उभी राहून हिशेब मागते.
समितीला ती भेटलीच नाही.

"मुलं बिघडतात."
मी बिघडले होते, नववी ब मध्ये.
म्हणून तर एकतीस वर्षं
या कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला.

किशनलाल पोतं घेऊन दारात:
"दीदी, रद्दी में?"
फळीवर सात पुस्तकांची फट.
उरलेली एकमेकांवर कललीत,
लग्न उरकल्यावर पाहुणे पेंगतात तशी.

रजिस्टरात शेवटचा रकाना, शेरा.
तिथे 'रद्द' लिहायचं, सातदा.
मी लिहिलं, 'वाचकाकडे'.
तारीख घातली.
परतीची कोरी ठेवली.

पिशवी जड होती,
जयेंद्रगंजपर्यंत दोनदा हात बदलला.